बाड एर्लेनब्रुकचा हरवलेला वास

ग्लासच्या आत, पाण्याच्या पातळीशी, दोन मिलिमीटर रुंदीची पिवळसर कडा उमटायला हवी होती. झऱ्याचं पाणी रोज तपासणाऱ्या रोझविटा एहलर्टने ग्लास उजेडाकडे धरून सावकाश फिरवला. कडा नव्हती. तिने पाणी हुंगलं. वासही नव्हता. गावच्या झऱ्याला तीनशे वर्षांत हे जमलं नव्हतं.

"ड्रोसेलसाहेब, झऱ्याला काय केलंत?"

आरोग्यस्नानगृहाचे संचालक ड्रोसेल खुशीत होते. "काल कोळशाचा फिल्टर बसवून घेतला! सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून पाहुणे सारखे कुरकुरतात. आज राज्याची समिती येतेय, एहलर्टबाई. छाप पडायला हवी."

"अहो, तो गंधक आहे! तोच गाळून टाकलात, मग उरलं काय?"

"स्वच्छ पाणी."

"ते माझ्या घरच्या नळालाही येतं!"

गावाच्या नावाआधीचं 'बाड', म्हणजे औषधी झऱ्याचं गाव असल्याचा सरकारी मान, राहू द्यायचं की नाही, ते ही समितीच ठरवणार होती. 'बाड' गेलं की पाहुणे गेले, आणि पाहुणे गेले की हॉटेलं, बागेतला बँड आणि रोझविटाची प्रयोगशाळाही गेली.

दहा वाजता झऱ्याचं पाणी प्यायला नेहमीची मंडळी आली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या श्टुकेनब्रोक आजोबांनी एक घोट घेतला आणि ग्लास आपटला.

"हे काय? माझे गुडघे आता नळाच्या पाण्यावर चालवू?"

"आजोबा, पाणी तेच आहे," ड्रोसेल म्हणाले.

"मला शिकवतोस? माझी आजी नाकाला रुमाल लावून प्यायची. तिच्याआधी राजघराण्यातल्या बायका प्यायच्या, त्याही रुमाल लावूनच. नाक न मुरडता कुणाला गुण आलाय?"

मागून बावीस ग्लास एकदम टेबलावर आपटले.

फिल्टर काढायला दोन तास लागणार होते आणि समिती चाळीस मिनिटांत येणार होती. ड्रोसेल उपाहारगृहात धावले आणि छत्तीस अंडी उकळायला ठेवून आले.

"वासच हवाय ना? देतो वास!"

"ती ताजी आहेत," रोझविटा दात आवळून म्हणाली. "ताज्या अंड्यांना तसा वास येत नाही."

"मग जास्त उकळू."

त्यांनी इतकी उकळली की पातेल्यातलं पाणी आटलं. अंडी फटाफट फुटली, धूर निघाला, आगीची घंटा वाजली आणि छतातले फवारे सुरू झाले. नेमक्या त्याच क्षणी नगराध्यक्षा लोहसेबाई समितीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. समितीच्या प्रमुखबाईंनी फवाऱ्याखाली तळहात धरला.

"हाच का तुमचा सुप्रसिद्ध झरा?"

रोझविटाचे कान तापले. राग ड्रोसेलवर होता, पण त्याहून जास्त स्वतःवर. नऊ वर्षं लोहसेबाई तिला संचालकपद देऊ करत होत्या. बैठकांपेक्षा परीक्षानळ्या बऱ्या, म्हणून ती दरवेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची. मग बाहेरून कुणीतरी आणावा लागायचा. ड्रोसेल पाचवे.

"इथे जबाबदार कोण आहे?" प्रमुखबाईंनी विचारलं.

ड्रोसेलनी नळाकडे पाहिलं. आजोबांनी ड्रोसेलकडे पाहिलं. लोहसेबाई ओल्या फरशीकडे पाहत राहिल्या.

"बघताय काय नुसतं!" रोझविटा कडाडली. "आधी तो गॅस बंद करा! दोन तासांत फिल्टर निघेल. तोवर समितीने बागेत बसून बँड ऐकावा. श्टुकेनब्रोक आजोबा, तुम्ही त्यांना गावाचा इतिहास सांगा, पण तुमचे गुडघे त्यात नकोत. आणि लोहसेबाई, पुढचं वर्ष गेलं खड्ड्यात. संचालकपद मी आजपासून घेतेय."