ठिपक्याची बाजू

ज्या यंत्राला मोटर नाही, बॅटरी नाही, वायर नाही, ते बिघडेल कसं? असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे विचारलं होतं. आमचे सासरे म्हणजे बेचाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. समोरच्याचं माप नजरेनंच घेतात, आणि माझं त्यांनी लग्नातच घेऊन ठेवलंय. प्रयोगशाळेत रबर तापवण्याचा पगार मिळतो, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

पण या खेपेला गरज त्यांना होती. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी जपून ठेवलेलं फुलांचं बी परवा बटणांच्या डबीत सापडलं. सासऱ्यांनी ते सगळं गच्चीवरच्या काचेच्या पेटीत पेरलं आणि सहा रोपं उगवली. आणखी बी आता कुठून आणणार? भर उन्हात पेटीचं झाकण उघडलं नाही तर आत भट्टी होते. रोज ते स्वतः उघडत, पण गुरुवारी दुपारी त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं, आणि बायको कामावर. मी म्हटलं, झाकण आपलं आपण उघडेल, माझ्यावर सोडा!

त्यासाठी प्रयोगशाळेत मी बनवलेली पट्टी म्हणजे लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमर. नाव भारदस्त असलं तरी आहे रबरच. तिच्या एका अंगाला रेणू आडवे झोपलेले, दुसऱ्या अंगाला ताठ उभे. तापली की आडव्यांची बाजू आखडते, उभ्यांची पसरते आणि पट्टी आडव्यांच्या बाजूला वाकते. दोन्ही अंगं दिसायला सारखीच, म्हणून आखडणाऱ्या बाजूवर मी निळा ठिपका देतो. बुधवारी ठिपका वर ठेवून पट्टी बिजागरीवर क्लिपांनी बसवली. ऊन आलं, झाकण उघडलं. सावली आली, मिटलं. सासरे ‘हं’ म्हणाले. नऊ वर्षांतली पहिली दाद!

गुरुवारी चार वाजताच घरी आलो. ऊन अजून रणरणत होतं आणि झाकण घट्ट बंद! आत सहापैकी पाच रोपं शिजलेल्या पालेभाजीसारखी लोळत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी तपासली, तर ठिपका खाली. कुणीतरी ती उलटी बसवली होती, म्हणजे ऊन वाढेल तशी ती झाकण आणखी दाबून धरत होती. बायको आल्या आल्या तिच्यावर ओरडलो. तिनं पेटीला बोटही लावलं नव्हतं, आणि आवाज खाली आणा असं तिनंही ओरडूनच सांगितलं. तेवढ्यात सासरे परतले.

“पट्टी मी फिरवली. काल संध्याकाळी,” ते म्हणाले. “ठिपका वर दिसत होता. आमच्यात खूण कापडाच्या उलट बाजूला करतात, बाहेर दिसू द्यायची नसते. म्हटलं, घाईत तुम्ही उलटी लावलीत.”

“पण उघडताना बघितलं होतंत ना?”

“बघितलं की. वाटलं, सुलट केली तर आणखी नीट उघडेल.”

मग माझा तोल सुटला. तोंडाला येईल ते बोललो. रेणू, माझं शिक्षण, त्यांची कात्री, नऊ वर्षांचं सगळं उकरून काढलं. हे काय विजारीचं कापड आहे का, म्हटलं. आणि शेवटी जे बोलू नये तेही बोललो. “आईंची रोपं तुम्ही तुमच्या हातानं मारलीत, बाबा.”

बायको खोलीत निघून गेली. गिऱ्हाइकापुढं कधी माघार न घेतलेले सासरे गुडघे धरत खाली बसले आणि उरलेलं रोप त्यांनी बोटानं सरळ केलं.

“चूक माझीच,” ते म्हणाले. “तुमचं काम चांगलं होतं. ती असती तर तिला दाखवलं असतं.”

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या दिवशी सकाळी निघताना मी पेटीकडे पाहिलं होतं. ठिपका दिसला नव्हता. शाई उन्हानं उडाली असेल, असं म्हणून मी चपला घातल्या. माझी पट्टी चुकेल हे मनातसुद्धा आलं नाही.

हल्ली सासरे येईल त्याला सांगतात, जावई हुशार आहे हो, नुकसान माझ्यामुळे झालं. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. तुम्हीही कुठं बोलू नका.