फाईल वाचली

दोन हजार बावीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. त्या साली एका रविवारी भर दुपारी आमच्या जिन्यावरून एक माणूस बोंबलत खाली आला, "वाचली! काकाजी, वाचली!"

आमची बुढी, म्हणजे माही बायको, साखरेचा डबा घेऊन धावली. धंतोलीच्या दवाखान्यात याचं कोणी भरती असंन, असं तिले वाटलं. आमच्या महाल मोहल्ल्यातल्या अर्ध्या घरांचं कोणी ना कोणी धंतोलीत असतेच. तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली, पदरानं डोळे पुसले अन् विचारलं, "कोण वाचली गा, सुधाकर?"

"फाईल, काकूजी!"

"फाईलले काय झालतं?"

हा सुधाकर आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. पन्नाशीचा, बिनलग्नाचा. दिवसा गांधीबागेच्या बाजारात एका कापडवाल्याच्या कॉम्प्युटरवर बिलं काढते, बाकी वेळ स्वतःच्या कॉम्प्युटरपुढं. त्याचा मोठा भाऊ मनोहर दर सणाले वर्ध्याहून येते अन् एकच म्हणते, खोली सोड, माह्यासंगं चाल. हा काही हलत नाही. हट्टी माणूस मले आवडते, हट्ट दुसऱ्या कोणासंगं असला तं.

मी चौथी शिकलो. रिक्षा ओढून हे घर बांधलं. कोणापुढं 'समजलं नाही' म्हणाची मले सवय नाही. म्हणून त्या दिवशी सुधाकर समजावत होता तेव्हा मी नुसती मान हलवली. तो म्हणे, माणसाच्या रक्तातून त्याची सारी घडण काढतात, पण ती निंघते बारीक तुकड्यांत. मंग नमुना म्हणून ठेवलेल्या एका माणसाच्या घडणीसंगं एकेक तुकडा जुळवून, छपरावर कवेलू कसे एकावर एक चढवतात, तसे मांडतात. त्या मांडणीची ही फाईल. एवढी मोठी, की उघडाले गेलं का कॉम्प्युटर गपकन बंद. आता त्यानं असं जमवलं होतं, की आधी सूची पाहाची, अन् जो तुकडा पाहिजे तेवढाच उचलून वाचाचा.

"कशानं जमवलं?" बुढीनं विचारलं.

"जावास्क्रिप्टनं."

"जावांचं लिहितं का तू? माह्या दोन जावा हायेत. एकीचं ऐकशीन तं दुसरीचं ऐकाची हिंमत नाही होणार."

"नाही वं काकूजी, त्याची एक लायब्ररी आहे..."

लायब्ररी! वर जाऊन पाहा, पुस्तक एक नाही.

तेव्हापासून एक वाक्य त्याच्या तोंडी बसलं, "अख्खं कायले? पाहिजे तेवढाच तुकडा." पेपर मागे, तं आतलं एकच पान. लग्नाले जाये, तं बरोबर अक्षता पडाच्या वेळेले, अन् टाकून वापस. एकदा बुढी त्याले तिच्या माहेरच्या भांडणाची गोष्ट सांगाले बसली. हा म्हणे, "काकूजी, शेवटचा तुकडा सांगा." बुढी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मोजणीही त्याची कॉम्प्युटरसारखी, शून्यापासून. चहाले किती जण म्हटलं का शून्य, एक, दोन असं मोजते अन् दोन म्हणते. तिसरा बसला कोरडा. तो तिसरा बरेचदा मीच.

दिवाळीच्या तोंडावर मनोहर आला तो या खेपेले रिकाम्या पिशव्या घेऊनच. ओसरीत बसला अन् सुधाकरच्या समोरच मले म्हणे, "काकाजी, तुम्हीच सांगा याले. उद्या मी याले घेऊन चाललो. ताईले जाऊन तीन वर्षं झाली, अन् हा मेलेल्या माणसाची फाईल वाचून राहिला!"

मी सुधाकरकडं पाहिलं. ही ताई आम्हाले माहीतच नव्हती. तो आमच्याकडं आला तो एकटा. मनोहरच सांगू लागला. शोभाताई सगळ्यात मोठी. आईमागं दोघांले तिनंच वाढवलं, पुढं सुधाकरपाशीच राहिली. मंग तिच्या हातापायातली ताकद जाऊ लागली. रक्त तपासाले दूर पाठवलं. कारण सापडलं नाही म्हणून उत्तर आलं, संगं ही फाईल आली. तोवर ताई गेली होती.

"डॉक्टरांले सापडलं नाही, तुले काय सापडन बे?" मनोहर ओरडला.

"सापडाले नाही वाचत, दादा."

"मंग काहून?"

सुधाकर जमिनीकडं पाहत म्हणाला, "ताई वाचली नाही. म्हणून वाचून राहिलो." मंग म्हणे, "रोज थोडीशीच वाचतो. एकदम वाचली तं संपन."

बुढी आत निंघून गेली. मनोहरचाही आवाज उतरला, पण हेका उतरला नाही. "हे बरं नाही, काकाजी. लोक याले पागल म्हणतात. एकटा मरन हा इथं."

आता मले राहवलं नाही. "मनोहरराव, खोली माही आहे. तिच्यात कोण काय वाचीन, हे वर्ध्याहून ठरणार नाही. अन् एकटा कायचा? आम्ही काय मेलो का?"

"तुम्हाले त्यातलं अक्षर तरी समजते का?"

"उद्या समजन!" मी म्हटलं.

मनोहर त्या रात्री वरच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपली खुर्ची स्वतः उचलून जिना चढलो. गुडघे ओरडत होते, त्यांले ओरडू देलं. मनोहर पिशव्या भरून दारात उभा होता. त्याच्या बाजूनं खुर्ची आत नेली अन् सुधाकरच्या खांद्याले खांदा लावून मांडली. "उघड," म्हटलं.

त्यानं उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरं, ओळीखाली ओळ.

"काकाजी, सारी मिळून चारच अक्षरं असतात. हा ए. हा सी. हा जी. अन् हा टी."

"चारच? मंग त्यात काय आहे!"

मागं मनोहर काहीतरी बोलला. मी वळलो नाही. चष्मा पुसला, पडद्यावर बोट टेकवलं अन् शोभाताईले मोठ्यानं वाचाले लागलो.