सोनाजीराव आमदारांनीं उखाणा सर केला त्याची कैफियत

“नाव घेण्याजोगं कायतरी करून दाखवा, मंग घेते.”

निजामाची दौलत पोलीस ॲक्शनांत बुडाली, त्यास बहुत सालें लोटल्यावरी, गंगापूर परगण्यांत मौजे खडकवस्ती येथें करवल्यांनीं उखाण्यासाठीं उंबरा अडविला असतां, नवरी सुगंधाबाई इतकें बोलली आणि ओठ मिटून उभी राहिली. तो आवाज नवरदेव सोनाजी मेंढपाळ यांचे कानीं शिरला, तो मेंढरांमागें, माळावर, झोपेंतही वाजत राहिला. मग सोनाजीरावांनीं कसम खाल्ली कीं, हा उखाणा सर होईतों डोईचा फेटा कोणापुढें उतरणें नाहीं.

तेथून मोहीम सुरू जाहली. आधीं सरपंची काबीज केली आणि गुलालानें लाल होऊन खासा स्वारी घरीं आली, तों बाईसाहेबांनीं फर्माविलें, “पाय धुवा आन् मंगच आत या.” उखाणा आला नाहीं. मग आमदारकीवर चाल केली, बोकड कापिले, मतें मिळविलीं आणि स्वारी मुंबईस रवाना जाहली. तेथें भर सभागृहीं “माइक चालू हाय का?” ऐसा खडा सवाल करून खालीं बसले. त्याची कीर्ति परगणाभर गाजली. माघारीं येऊन ओट्यावर कान टवकारून बसले, तों आंतून आवाज आला, “अवं आमदार, शेळी सुटलीया.”

ऐसी आमदारकी चालली. रावसाहेब जीपमध्यें, आणि जीपमध्यें हुजरे इतके कीं बाईसाहेबांस जागा कैंची? त्या बाजाराला, माहेराला, लेकीकडे हर्सुलास यष्टीनेंच जात. यष्टींत ‘आमदारांसाठी राखीव’ ऐसी पाटी, आणि त्या पाटीखालीं आमदारांचा कबिला दांडी धरून उभा. बाजूनें जीप धुरळा उडवीत जाई.

पुढें निवडणुकींत नानासाहेबांनीं रावसाहेबांस शिकस्त दिली. जीप गेली, झेंडा गेला, आणि जीपचें दार उघडणारा हुजऱ्या दुसरे दिवशीं नानासाहेबांचें दार उघडूं लागला. इतक्यांत हर्सुलाहून नातवाच्या बारशाचा सांगावा आला. सबब उभयतां पायीं गंगापूरच्या स्टँडावर दाखल जाहलीं.

गाडी लागली. तमाम रयत धांवत सुटली. रावसाहेबांस वाटलें, ही आपल्याच स्वागतास येत्ये. संवयीनें हात जोडून “नमस्कार, नमस्कार” करीत राहिले, आणि रयत दोहों बाजूंनीं जाऊन गाडींत बसली. गाडी निघून गेली.

“जालं का स्वागत?” बाईसाहेबांनीं पुसलें.

रावसाहेब खजील जाहले. मग दुसरी गाडी आली. खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या, एकानें चप्पल टाकून जागा धरिली. रावसाहेबांपाशीं रुमाल नव्हता. तो सदा हुजऱ्यापाशीं असे. क्षणभर कसम आठवली. मग हात डोईस गेला, फेटा सुटला आणि तोफेच्या गोळ्यासारखा खिडकींतून आंत गेला, तो नेमका त्या पाटीखालच्या जागेवर पडला.

बन्सी कंडक्टर आडवा आला. “सोनाजीमामा, ही जागा आमदाराची. तुमी तर पडलात.”

“मला नगं बाबा,” रावसाहेब बोलले. “हिला दे. मी आमदार व्हतो तवा ही हितंच उभी व्हती, आन् मला ठावं नव्हतं.”

बन्सीनें बाजू दिली. बाईसाहेब खिडकीशीं बसल्या, आणि रावसाहेब बोडक्या डोईनें दांडी धरून उभे राहिले. गचका बसे तैसे डुलत, कोणाच्या कोंबड्या पायाशीं, कोणाची पेटी पाठीशीं. बाईसाहेबांनीं फेटा मांडीवर घेऊन घडी केली. ऐसें शहराच्या वेशीवरल्या छावणीपावेतों चाललें. मग त्यांनीं पदर सांवरला आणि घसा खाकरला, तों गाडी आपोआप चूप जाहली.

येणेंप्रमाणें सरपंचीस न नमलेला, आमदारकीस न भुललेला उखाणा, दौलत गमावून आणि फेटा उतरून फत्ते जाहला. बाईसाहेबांचे मुखांतून जैसा निघाला, तैसा येथें नमूद केला असे:

“जीप गेली, झेंडा गेला, गेली हुजऱ्यांची दाटी,
फेटा टाकून जागा धरली खिडकीची माझ्यासाठी;
खुर्ची ऱ्हायली मुंबईला, माणूस आलं माघारी,
सोनाजीरावांचं नाव घेते, ऐका यष्टी सारी.”