परिस्थिती अनुकूल होईपर्यंत

क्षितिजाची चूक एवढीच झाली, की तिनं वर्ग आधी सुरू केला आणि संस्था नंतर. सुसंस्कृत समाजात हा क्रम उलटा असतो. आधी संस्था, मग लोगो, मग अध्यक्षांचा सत्कार, आणि इतकं सगळं उरकून कुणाला आठवलंच, तर कार्य.

ती कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. राहायला आयर्लंडात, ॲडम्सटाउनला, स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये. ऑफिसातल्या एका ओळखीतून अफगाणिस्तानातल्या हेरातच्या सात-आठ मुलींशी तिची गाठ पडली. तिथल्या सरकारनं मुलींना सहावीनंतर शाळा बंद केलेली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी क्षितिजा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यांना गणित शिकवायला लागली. तेवढा वेळ नवरा, जयेश, मिक्सर लावत नसे. संस्थेची यंत्रणा म्हणाल तर ही एवढीच.

त्या मुलींत मर्झिया सगळ्यांच्या पुढं. जूनमध्ये एका परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपरीक्षा होती. पास झाली तर शिष्यवृत्ती आणि सुटका, नापास झाली तर काकांनी हेरून ठेवलेला नवरा. वडील कामासाठी इराणला गेले ते गेलेच, त्यामुळं घरात काकांचं राज्य. पोरगी शिकतेय हे फक्त आईला ठाऊक. क्षितिजाची सकाळ म्हणजे तिथली दुपार; तेव्हा काका दुकानात असत, तेवढाच वेळ मर्झियाचा.

"उस्ताद, इंटिग्रेशन जूनपर्यंत होईल ना?" ती दर शनिवारी विचारायची.

"होईल गं," क्षितिजा म्हणायची. बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, पण ते 'गं' मध्येच कुठून यायचं कोण जाणे, आणि मर्झियाला ते कळायचंही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच लोकांच्या डोळ्यांवर आलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी उत्साहानं माइकवरून या वर्गाचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे नेतृत्वाची पोकळी निर्माण झाली, हे सतीशदादांच्या लगेच लक्षात आलं.

सतीशदादा औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचे मोठे साहेब. त्यांच्या खात्याचा सिद्धांत असा, की जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. गोळीनं माणूस बरा होतो की नाही, तो दुसऱ्या खात्याचा प्रश्न. हातात मोदक घेऊनच ते क्षितिजापाशी आले.

"अगं, केवढं मोठं काम! आणि हे असं स्वयंपाकघरात? छे छे. याला स्ट्रक्चर पाहिजे. लीडरशिप पाहिजे."

"लीडरशिप राहू द्या हो, सतीशदादा. फिजिक्स शिकवणारी कुणी मिळाली तर बघा."

"शिकवणारे काय, कुठंही मिळतात," असं म्हणून त्यांनी मोदक संपवला.

महिन्याभरात 'अफगाण कन्या शिक्षण सहयोग, आयर्लंड' ही संस्था स्थापन झाली. अध्यक्ष सतीशदादा. उपाध्यक्ष डॉक्टर उल्हास, ट्रलीच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. ते प्रत्येक बैठकीला ऑनलाइन हजर असत आणि ऑनलाइनच पेंगत. शिवाय सचिव, सहसचिव, दोन सल्लागार. सगळे पुरुष. कारण, अध्यक्ष म्हणाले त्याप्रमाणे, "महिलांवर आधीच केवढा भार असतो!" क्षितिजाला 'क्षेत्रीय समन्वयक' केलं. म्हणजे बैठकीचा चहा आणि मुलींचा वर्ग, दोन्ही तिच्याकडे. प्राधान्य चहाला.

पहिल्या बैठकीत सुरक्षिततेचा विषय निघाला. "चेहरे दिसतात," सतीशदादा गंभीरपणे म्हणाले. "उद्या कुणी स्क्रीनशॉट काढला तर?" मुद्दा खोटा नव्हता. म्हणूनच मुली आधीपासून कॅमेरा बंद ठेवत होत्या. पण नियम एकदा केला की तो सर्वांना सारखा, त्यामुळं क्षितिजाचाही कॅमेरा बंद झाला. आता आलेख तोंडानं काढायचा. "रेषा वर जाते बघा, हां, मग जराशी वाकते, मग..." मग काय होतं ते ज्याच्या त्याच्या कल्पनाशक्तीवर.

दुसऱ्या बैठकीत आवाज निघाला. माणूस आवाजावरून ओळखता येतो. शिवाय बाईचा आवाज हा तिथं नाजूक विषय, आणि आपण स्थानिक संस्कृतीचा आदर ठेवायलाच हवा. मुलींचे माइक बंद. प्रश्न असेल तर टाइप करावा. तिसऱ्या बैठकीत नावं गेली. कारखान्यात गोळ्यांच्या प्रत्येक खेपेला नंबर असतो, तसे नंबर दिले. मर्झिया 'एएफ-झिरो-फोर' झाली. एक्स्पायरी डेट तेवढी टाकायची राहिली.

"दादा, मुलींना चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही," क्षितिजा न राहवून म्हणाली. "हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटतं ना," सतीशदादा खूश होऊन म्हणाले. "आंतरराष्ट्रीय बेस्ट प्रॅक्टिस आहे."

मुलींचे चेहरे नसल्यामुळं पोस्टरची पंचाईत झाली. शेवटी सतीशदादांनी आपल्या मुलीला, रुचाला, डोक्यावरून ओढणी घेऊन, हातात पुस्तक देऊन खिडकीशी उभं केलं. "डॅड, आय लुक लाइक अ राइट इजिट," रुचा म्हणाली. इजिट म्हणजे इथल्या बोलीत बावळट. नेमका हाच भाव फोटोत उतरला आणि लोकांना तो शोषित वाटला. पोस्टर फार गाजलं.

मग किलकेनीच्या एका हॉटेलात समितीचं दोन दिवसांचं चिंतन शिबिर झालं. विषय: 'नेतृत्व: तिचं, आपल्या हातून'. शिबिर शनिवारी असल्यामुळं त्या शनिवारचा वर्ग रद्द. चिंतनातून असं निघालं, की अल्पवयीन मुलींना पालकांच्या संमतीशिवाय शिकवणं हा गंभीर प्रकार आहे.

"मर्झियाच्या आईची संमती आहे," क्षितिजा म्हणाली.

"आई ठीक आहे गं. पण घरचा कर्ता कोण?"

"काका."

"मग काकांची घे."

"अहो, काकांपासूनच तर लपवायचंय! त्यांना कळलं तर तिची परीक्षा संपली. परीक्षाच काय, सगळंच संपलं."

"म्हणजे पालकांना अंधारात ठेवून?" सतीशदादांचा आवाज खाली आला. खरा धक्का बसला की त्यांचा आवाज खाली येतो. "क्षितिजा, तू मला नंबर दे. मी बोलतो काकांशी. पुरुषानं पुरुषाशी बोललं की विषय सोपा होतो."

"नंबर मी देणार नाही."

पडद्यावर डॉक्टर उल्हास जागे झाले. "संमतीशिवाय आम्ही पेशंटला भूलसुद्धा देत नाही," ते म्हणाले आणि परत पेंगायला लागले. हे वाक्य निर्णायक ठरलं. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण क्षेत्रीय समन्वयकाला मत नव्हतं. ठराव असा: 'परिस्थिती अनुकूल होईपर्यंत मुलींचा वर्ग स्थगित ठेवण्यात येत आहे.' संस्था मात्र चालू. तिचं काम तर वर्ग बंद झाल्यावर खूपच सुटसुटीत झालं.

शनिवारी क्षितिजानं ठराव मुलींना वाचून दाखवला. मग एएफ-झिरो-फोरनं नियम मोडून माइक उघडला.

"उस्ताद, हे वाक्य मला पाठ आहे. आमच्या शाळेच्या फाटकावर हेच सांगितलं होतं. परिस्थिती अनुकूल होईपर्यंत. तुमच्याकडे पण ते आले का?"

क्षितिजानं लॅपटॉप मिटला आणि ती ढसाढसा रडली. जयेशनं मिक्सर लावला नाही, नुसता शेजारी बसून राहिला.

"नुसतं रडून जूनपर्यंत इंटिग्रेशन होणार आहे का?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "उघड तो लॅपटॉप."

तेव्हापासून ॲडम्सटाउनच्या एका फ्लॅटचे पडदे शनिवारी सकाळी ओढलेले असतात. आत एक बाई दबक्या आवाजात मुलींना शिकवते. आपल्या चेहऱ्यासकट, त्यांच्या आवाजासकट, नावासकट. नवरा खिडकीशी उभा राहून पार्किंगमध्ये सतीशदादांची गाडी दिसते का, ते बघतो. मंडळाच्या ग्रुपवर सूचना आलेली आहे: 'काही व्यक्ती परवानगीविना घरच्या घरी मुलींना शिकवत असल्याचं कानावर आलं आहे. कुणास माहिती असल्यास समितीस कळवावं.' खाली पंधरा अंगठे आणि दोन नमस्कार.

गेल्या शनिवारी घंटी वाजलीच. गाडी लांब लावून दादा चालत आले होते.

मर्झियानं घंटी ऐकली आणि कुजबुजली, "उस्ताद, काका आले?"

"हो गं," क्षितिजा म्हणाली. "आमच्याकडचे."

"मग लॅपटॉप पिठाच्या डब्यामागं ठेवा. आमचा तिथंच असतो."

क्षितिजानं किचनमधलं प्रेस उघडलं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि इतक्या वर्षांत त्याचा इतका चांगला उपयोग तिनं पहिल्यांदाच केला. लॅपटॉप पिठामागं गेला. जयेशनं दार उघडलं आणि हात लांब करून मिक्सर चालू केला.

"पडदे का ओढलेत?" सतीशदादांनी आत डोकावून विचारलं.

"डोकं दुखतंय हिचं."

"आणि मिक्सर?"

"चटणीचं डोकं दुखत नाही ना," जयेश म्हणाला.

सतीशदादा हसले. माणूस वाईट नाही हो, खरंच नाही, तीच तर भीती आहे. "क्षितिजा, त्या काकांचा नंबर मिळाला का गं? वार्षिक समारंभाआधी एक केस सोडवली असती तर बरं दिसलं असतं. मला फक्त मदत करायचीय."

"नाही मिळाला, दादा."

"ग्रँड, ग्रँड," असं इथल्या पद्धतीनं 'ठीक आहे' म्हणून ते गेले. दादा कोपऱ्यावर वळेपर्यंत जयेश खिडकीतून हलला नाही. मग लॅपटॉप पीठ झटकून बाहेर आला आणि इंटिग्रेशन पुढं चालू झालं.

मर्झियाची परीक्षा जूनमध्ये आहे. हे वाचून तुम्ही सतीशदादांना हसला असाल. पण हसता हसता एक विचार तुमच्याही मनात येऊन गेलाच असेल: हे असं लपूनछपून, ना नोंदणी, ना समिती, कितपत बरोबर? याला काहीतरी स्ट्रक्चर नको का? आपण ओळखीत कुणाला तरी बोलावं का?

आला ना? म्हणूनच फ्लॅटचा नंबर सांगितलेला नाही. जूनपर्यंत कृपा करून मदत करू नका.