सातव्या दरवाजातला फितूर

तुलारामजींच्या पलंगाखाली, धानाच्या कोठीवर, चक्क मोरीवरच्या फळीवरसुद्धा एकच पुस्तक रचून ठेवलेलं होतं. ‘सात दरवाजांचं युद्ध’. पाचशे प्रती! ग्रामसेवकाच्या नोकरीतून सुटल्यावर माणसं बकऱ्या पाळतात, नाहीतर लेकीकडे जाऊन राहतात. या गृहस्थाने कादंबरी लिहिली. तळ्याखाली बुडालेलं एक राज्य, त्याचे सात दरवाजे, दर दरवाजावर एक लढाई आणि दर लढाईमागे एक गुपित. अड्याळसारख्या खेड्यातल्या माणसाला हे कुठून सुचलं, देव जाणे. प्रकाशक कोणी दाद देईना, तेव्हा त्यांनी स्वतःच भंडाऱ्याच्या छापखान्यात खेटे घालून ती छापून आणली.

लिहिताना ऐकायला बायको होती, रुखमा. अंगणात तांदूळ पाखडता पाखडता ती विचारायची, “अवो, राज्य बुडवणारा तो फितूर कोन हाये, सांगा ना!” तुलारामजी हसून म्हणायचे, “छापून आली का वाच.” छापून यायच्या आधीच रुखमा गेली. आता ते गुपित सगळ्या जगात एकट्या तुलारामजींना ठाऊक होतं, आणि त्यांना फार एकटं वाटायचं. कोणी विचारणारच नसेल तर गुपित घेऊन काय चाटायचं? एकाने तरी हे वाचावं आणि दारात येऊन त्याबद्दल काही विचारावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

पहिली प्रत त्यांनी शेजारच्या शकुनबाईला दिली. घोळ इथेच झाला. छापखानेवाल्याचा मुख्य धंदा पोथ्यांचा. हाताच्या सवयीने बाइंडरने हीसुद्धा लाल कापडात बांधली होती, आणि पहिल्याच पानावर रथात बसलेला राजा. शकुनबाईने पुस्तक कपाळाला लावलं, देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आणि तीन दिवस हरवलेली तिची म्हैस नेमकी त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली.

झालं! आठवडाभरात ही पोथी मागायला कारध्याहून कोणी निर्मलाबाई आली, नाकाडोंगरीहून आणखी कोणी एसटीने आलं. रोज दारात माणसं, तीही अंघोळ करून. तुलारामजींना आभाळ ठेंगणं झालं. पंधरा दिवसांनी त्यांनी मोठ्या आशेने शकुनबाईला गाठलं.

“वाचून झाली का?”

“वाचाची हिंमत कोनाची जी? सोवळं पाळा लागते.”

“अवं बाई, पोथी नोहोय ते! कथा हाये. मीच लिहिली.”

“पोथी कोनीतरी लिवतेच ना जी.”

“त्यात खून हाये, हेरगिरी हाये, मायलेकाची लढाई हाये!”

“मंग? पोथीत अजून काय रायते?”

तुलारामजी हात हलवत परत आले. मग त्यांनी ठरवलं, पोथी तर पोथी. मारुतीच्या देवळात पारायण लावू. सात दिवस, रोज एक दरवाजा. असं तरी गाव ऐकेल. गाव एका पायावर तयार झालं. फक्त धानाची कापणी तोंडावर आली होती.

“सात दिवस कोनाले फुरसत हाये?” भय्याजी पाटील म्हणाले. “दरसाल करतो तसंच करू. सात जण बसू, एकेकानं एकेक अध्याय घ्याचा, सारे संगंच वाचू. दुपारपर्यंत पारायण खतम.”

“पाटील, पण ऐकणाऱ्याले काई समजन का?”

“देवाले समजते ना!”

सात जण सात पाटांवर बसले आणि एकदमच सात लढाया सुरू झाल्या. पहिला राजाचा राज्याभिषेक करत होता, तर पाचवा त्याच राजाला अग्नी देत होता. तुलारामजी खांबाला टेकून बसले. त्यांचं पुस्तक पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं जात होतं आणि त्यातलं एक वाक्यही त्यांना धड ऐकू येत नव्हतं. त्यांना रडू आलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, “काय भक्ती हाये माणसाची!”

खरी गंमत महाप्रसादाच्या पंगतीत झाली. पाटलांच्या वाट्याला चौथा अध्याय आला होता. “बिचारी राणी,” ते वरण ओतून घेत म्हणाले, “नदीत उडी टाकून मेली.”

“मेली?” सहाव्या अध्यायाचे बाबूलाल शेठ ताडकन म्हणाले. “माह्यात तर ते फौज घेऊन चालली हाये!”

“म्हणजे मी खोटं वाचलं का?”

“मंग काय मी वाचलं?”

शब्दाने शब्द वाढला. दोघेही आपापल्या अध्यायाची शपथ घ्यायला लागले. पंगतीत दोन तट पडले, वरण गार झालं. शेवटी सगळे वळले उरकुड्याकडे. उरकुडा म्हणजे गावात कोणाच्या खिजगणतीत नसलेला, चौथी शिकलेला शेतकरी. अक्षरांखाली बोट ठेवून त्याने सातवा अध्याय सगळ्यांच्या मागून संपवला होता.

“उरकुड्या, तुह्यात काय हाये?”

“त्यात फितूर सापडते.”

“कोन?”

सगळी पंगत आपल्याकडे बघते आहे, हे उरकुड्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. “शेवटचा अध्याय हाये जी,” तो गंभीरपणे म्हणाला. “असा पत्रावळीवर नाई सांगता येत.”

त्या दिवसापासून उरकुड्याचा भाव वधारला. कोणी त्याला चहाला बोलावी, कोणी विडी पुढे करी. पुस्तक घरोघरी देव्हाऱ्यात होतं, पण पारायण सोडून एरवी ते उघडून बघायची छाती कोणाची नव्हती. तुलारामजी शकुनबाईला म्हणाले, “मी सांगतो ना!” तर ती म्हणाली, “तुमी राहू द्या जी. तुमी छापली. वाचली त उरकुड्यानं.” तुलारामजी आपल्या ओसरीवर बसून उरकुड्याच्या अंगणातली गर्दी बघत राहिले. आजवर त्यांना कोणी विचारत नव्हतं, आता विचारायला दुसरा माणूस सापडला होता. हे फार झोंबलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला उरकुडा स्वतःच त्यांच्या दारात आला. हातात विळा, अंगाला धानाचं तूस. कोणी बघत नाही ना, म्हणून त्याने आधी मागे वळून पाहिलं.

“एक विचारू का जी?”

“विचार.”

“फितूर त मले समजला. राजाचा सख्खा भाऊच निघाला. मी कोनाले सांगतलं नाई.” तो उंबऱ्याशी घुटमळला. “पण त्यानं असं काहून केलं जी? दोन दिवसापासून मले जेवण जाऊन नाई राहिलं. मलेबी भाऊ हाये.”

तुलारामजींनी ओसरीवर सतरंजी झटकून अंथरली.

“एका बोलात नाई सांगता येत, बाबू. पहिल्या दरवाजापासून सांगा लागन.”

“सांगा. धान काई पळून नाई चाललं.”

उरकुड्याने विळा भिंतीला टेकवला आणि ओसरीवर मांडी घातली. तुलारामजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि सांगायला बसले.