शेजारच्या मुलाविषयीचे प्राथमिक निष्कर्ष

मार्तंड सर समाजशास्त्राचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मराठीत आणत होते, आणि त्या पुस्तकाने सरांच्याच मराठीला इंग्रजी वळण लावून ठेवले होते. आमटी कशी झाली असे त्यांच्या पत्नी विशाखाताईंनी विचारले, की "ती समाधानकारक असल्याचे दिसून येते," असे उत्तर मिळे. बिचारीने विचारणेच सोडून दिले होते.

अनुवाद असा ऐन भरात असताना चाकूरचे आप्पासाहेब लातुरात त्यांच्या दारी आले. शेजारच्या तुळजाबाईंच्या श्रीनाथला आपली मुग्धा द्यायची, तर आधी चौकशी नको? मुलगा चांगलाच होता. पण दोन स्थळे हातची गेलेली, त्यामुळे तुळजाबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"सर, पोरगं कसं हाय?"

"उपलब्ध माहितीनुसार, तो सुस्वभावी असावा असे मानण्यास वाव आहे."

आप्पासाहेब सावरून बसले. "पीत-बित न्हाई ना?"

"तसा कोणताही पुरावा अद्याप समोर आलेला नाही."

"अद्याप?"

"अर्थात, अधिक संशोधनाची गरज आहे."

आप्पासाहेबांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चाकूरची एसटी धरली.

संध्याकाळी चाकूरहून फोन आला, तशा तुळजाबाई तरातरा आल्या. "सर, तुमच्या अंगणात खेळलेलं लेकरू हाय ते! त्याचे पुरावे कशाला काढायलात?"

सरांना फार वाईट वाटले. श्रीनाथवर त्यांचा खरोखर जीव होता. दुसऱ्या दिवशी तुळजाबाई त्यांना घेऊनच चाकूरला निघाल्या. "साधं बोला हो," विशाखाताईंनी निघताना बजावले.

सर साधे बोलले. "आप्पासाहेब, पोरगं लाखात एक हाय! लई गुणाचं! डोळे झाकून पोरगी द्या!"

आप्पासाहेबांचा चेहरा आणखीच उतरला. "काल येगळं, आज येगळं. पढवून आणलंय व्हय तुम्हाला?"

सर गडबडले, आणि गडबडले की त्यांच्या जिभेवर पुस्तकच येई. "माझे आजचे विधान श्रीनाथवरील मायेने प्रभावित झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि, त्याच्या जन्मापासूनच्या निरीक्षणात त्याने कुणाला दुखावल्याचे आढळलेले नाही. एकदा माझ्या सायकलची हवा सोडली होती. तो अपवाद समजावा."

आप्पासाहेब खदाखदा हसले. "लाखात एक तर समदेच म्हणतेत, सर. सायकलचं कुणी सांगत न्हाई!" त्यांनी आतून पेढे मागवले. तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले.

"आता शेवटचं सांगा, सर. मुग्धा तिथं सुखात राहील ना?"

सरांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि तोंड उघडले. तुळजाबाईंनी त्यात अख्खा पेढा कोंबला.