नानांचा मे महिना

नाना खंदारे मे महिन्यात अंगाला साबण लावत नसत. एरवी त्यांच्याइतका साबण आमच्या वसाहतीत कुणी झिजवत नसेल. पण मे उजाडला की त्यांची साबणाची वडी वरच्या फळीवर जायची. नाना मोठ्या घमेल्यात बसून आंघोळ करायचे, अंगावरून उतरलेलं पाणी बादल्यांत भरायचे आणि त्या बादल्या इमारतीच्या सावलीत नेऊन ठेवायचे. ते पाणी लहान मुलांच्या खेळासाठी असायचं. साबणाचं पाणी लेकरांच्या डोळ्यांत जातं, म्हणून साबण बंद.

"म्हणजे त्यांच्या अंगधुणात आपला मिलिंद खेळणार?" माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं. मी जाऊन अदबीने ही शंका नानांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, मळ मी कंपनीतच धुऊन येतो. घरची आंघोळ नावाला असते."

पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नाना बॉयलरवर होते. ऐंशी सालच्या आसपास मी बी.ए. होऊन परभणीकडून नोकरीसाठी आलो, तेव्हा तुर्भ्यातली ही खोली त्यांनीच मिळवून दिली होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याचा अभिमान माझ्या वडिलांच्या खालोखाल नानांना. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "जय भीम, ग्रॅज्युएट," हीच त्यांची हाक, आणि ती एवढ्या मोठ्याने की रस्त्यावरचे ट्रकवालेही वळून बघायचे.

मे महिन्यात ते मुद्दाम दुसरी पाळी मागून घ्यायचे. सकाळी नऊला खाली यायचे. अंगात खाकी हाफ पँट, गालांवर पसरलेल्या झुपकेदार मिशा आणि हातात खेळाचं सामान: पत्र्याचे मग, पावडरचे रिकामे डबे, तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा. त्या डब्यात पाणी ओतलं की खालून झारीसारखी धार यायची आणि पोरं तिच्याखाली उभी राहायची. आंब्याच्या कोयी धुऊन, वाळवून त्यांनी 'बायका' केल्या होत्या. मुली मोडक्या फणीने त्या कोयींचे केस विंचरत बसायच्या. तापलेल्या फरशीवर ओली पावलं उमटवायची आणि पहिलं पाऊल वाळायच्या आत भिंत गाठायची, ही त्यांची शर्यत. तीत कुणी हरत नसे, कारण निकाल लागायच्या आत पुरावा वाळून जायचा.

प्रवेशाची अट एकच, शाळेत नाव घातलेलं नसावं. सहा-सात वर्षांची पोरं लाळ गाळत कडेला उभी राहायची. नाना त्यांना सांगायचे, "तू शाळंचा माणूस. तुझं इथं काय काम?"

त्यांची भाषा बॉयलरची. एखादं पोर पाय आवळून नाचायला लागलं की ते ओरडायचे, "प्रेशर आलं, न्या याला." कुणी भोकाड पसरलं आणि त्याची आई धावली, की हात आडवा करायचे. "वाजू द्या बाई. वाजणारा बॉयलर फुटत नसतो. गप बसलेल्यावर नजर ठेवा."

पाण्यावरून भांडणं व्हायचीच. नळ सकाळी तासभर यायचा. शेजारच्या म्हात्रेवहिनी इथल्याच, खाडीकाठच्या. बाजारात मासळी विकून आल्या की कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "नाना, आमाला प्यायला पानी नाय, नि तुमी चिखलान ओतताव. बॉयलर इकरं आनलाव का काय?"

"वहिनी, माझ्या आंघोळीचं आहे. पाहिजे तर प्या."

म्हात्रेवहिनी त्यावर जे बोलायच्या ते लिहिण्यासारखं नाही. मात्र सुरमईची रिकामी झालेली टोपली धुऊन, वाळवून त्या पोरांना होडी म्हणून द्यायच्या.

एका वर्षी नानांनी गावाकडून पळसाची वाळलेली फुलं आणली, रात्रभर भिजवली आणि पोरांना रंगीत पाण्याने खेळवलं. मी संध्याकाळी कामावरून आलो तर मिलिंद पिवळा. शाळेत मी आरोग्यशास्त्र मन लावून वाचलेलं होतं. मी त्याला उचलून थेट दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना म्हणालो, "कावीळ आहे." डॉक्टरांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मिलिंदच्या कानामागून फिरवला. कावीळ कापसावर आली. बाहेर आलो तर पायरीवर आणखी दोन बाप पिवळी पोरं घेऊन बसलेले.

हे सगळं फक्त मे महिन्यात. जूनपासून नाना पोरांकडे ढुंकून पाहत नसत. मला याचं कोडं होतं. नानींनी ते एकदा शेंगा निवडता निवडता सांगितलं. नाना मुंबईला आले तेव्हा खाटेपुरती जागा. नानी आणि मुलगा प्रकाश गावी. वर्षाची रजा मे महिन्यात मिळायची. "हे घरी आले की पोरगं कणगीमागं लपायचं. हे खाऊ घेऊन त्याच्या मागं धावायचे, ते जास्तच पळायचं. रजा सरत आली की कुठं जवळ यायला लागायचं. तवर यांची गाडी. पुढल्या मे महिन्याला पुन्हा पहिल्यापासून." नानी शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "तसंच करत करत शाळंत गेलं."

आता प्रकाश भुसावळला नोकरीला होता. त्याची मुलगी बेबी तीन वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा नानांच्या मिशा बघून जी किंचाळली, ती परत जाईपर्यंत. यंदा ती पुन्हा येणार होती. सगळ्या वसाहतीला ते ठाऊक होतं, कारण नाना प्रत्येक आईला विचारत फिरत होते, "तुमचं लेकरू नव्या माणसाकडं कशानं जातं?" आमचा मिलिंद बिस्किटाने कुणाकडेही जायचा. म्हात्रेवहिनींचा नातू कशानेच जात नसे. नानांनी दोघांवरही प्रयोग केले.

ती यायच्या आदल्या दिवशी नाना न्हाव्याकडे जाऊन मिशा काढून आले.

सकाळी ते खाली उतरले तेव्हा खेळायला जमलेली पोरं चिडीचूप. मग मिलिंदने सूर लावला आणि सगळा वर्ग आपापल्या आयांकडे पळाला. म्हात्रेवहिनी दारातून म्हणाल्या, "कोन पायजे तुमाला? नाना घरान नाय."

दुपारी प्रकाश, सूनबाई आणि बेबी आली. सूनबाईंनी तिकडे महिनाभर तयारी करून घेतली होती. भिंतीवरचा फोटो रोज दाखवायचा आणि म्हणायचं, "हे मिशीवाले आजोबा. यांना भ्यायचं नाही." बेबी हसत हसत जिना चढली. दारात उभ्या माणसाकडे तिने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि शांतपणे आईला सांगितलं, "हे नाहीत."

सूनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नाना आपला ओठ चाचपत आत गेले.

त्या मुक्कामात बेबी सगळ्यांकडे गेली. माझ्या बायकोच्या कडेवर बसली, म्हात्रेवहिनींच्या टोपलीत बसली. कोयीच्या बाईला तिने वेणी घातली. नाना जवळ आले की मात्र उठून दुसरीकडे. ती रडत नव्हती, हेच वाईट. "वाजत पण नाही हो," नाना मला हळूच म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी नानांनी खेळ लवकर आवरला. ठाण्याच्या बसपर्यंत पोचवायला जायचं होतं. प्रकाश बॅग हातात घेऊन उभा होता, बेबी नव्या फ्रॉकमध्ये. नाना पायरीवर बसून पत्र्याच्या मगाने चिखलाचे पाय धूत होते.

बेबी चालत आली आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून थांबली.

"शी. किती घाण."

नाना मगासकट थिजले.

"इकडे आण," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातला मग हिसकावून घेतला. तिची आई तिला धुते तशी ती त्यांचा पाय धुवायला लागली, बोटांच्या बेचक्यांत आपलं बोट घालून. "हलू नको. दुसरा." नानांनी दुसरा पुढे केला. दोन्ही स्वच्छ झाले. तेव्हा नानांनी पहिला पाय हळूच पुन्हा चिखलात टेकवला.

"परत घाण केलीस?"

"चुकून झालं, बाई."

"मार पाहिजे का?"

"नको," नाना म्हणाले आणि पाय पुढे केला.

"अहो, बस जाईल," सूनबाई म्हणाल्या. बेबीच्या हातातला मग बादलीच्या तळाला खरवडला. पाणी संपलं होतं. म्हात्रेवहिनींनी आपल्या पिंपावरचं झाकण काढलं.

प्रकाशने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने बॅग खाली ठेवली, म्हात्रेवहिनींच्या पिंपातून बादली भरून आणली, बूट-मोजे काढले आणि तोही बापाशेजारी चिखलात पाय घालून बसला.